पन्नास हजारांत वापरलेला कार्व्हिंग बोर्ड : म्युनिक, मुलुंड, गुलमर्ग

सप्टेंबर २०२३ मध्ये मी वापरलेला अल्पाइन कार्व्हिंग स्नोबोर्ड शोधायला लागले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तो गुलमर्गच्या बर्फावर टेकला. या काळात मापं, जाहिराती, कस्टम्सचे नियम, विमानाचं सामान अशा बऱ्याच गोष्टींत मी अडखळले. भारतात राहून या वाटेला जाणारे फार थोडे आहोत, आणि मराठीत याबद्दल मला काही सापडलं नव्हतं. म्हणून झालं ते क्रमाने लिहिते आहे, आकड्यांसकट.

आधी हा बोर्ड काय असतो ते. आपल्याकडे मनाली-गुलमर्गला भाड्याने मिळतो तो मऊ बुटांचा, रुंद, दोन्ही टोकांना वळलेला बोर्ड. अल्पाइन बोर्ड अरुंद आणि ताठ असतो आणि त्याला पुढचं-मागचं टोक ठरलेलं असतं. त्यावर प्लास्टिकचे कडक बूट धातूच्या कड्यांनी प्लेटवर अडकवतात. पाय जवळजवळ पुढच्या दिशेला, ५५ ते ६५ अंशांत वळलेले असतात. बोर्ड कडेवर उभा केला की डमरूसारख्या आत गेलेल्या बाजूमुळे तो स्वतःच वळतो. बर्फ खरवडत नाही, घसरत नाही, मागे फक्त एक बारीक रेघ राहते. ऑलिंपिकमधली पॅरलल जायंट स्लॅलम ही शर्यत याच बोर्डांवर होते. २०१८ साली प्याँगचांगला एस्तेर लेडेत्स्काने स्कीइंगची सुपर-जी आणि स्नोबोर्डची पॅरलल जायंट स्लॅलम अशी दोन्ही सुवर्णपदकं जिंकली. तिचं ते उतरणं पाहिल्यापासून ही रेघ माझ्या डोक्यातून गेली नव्हती.

मऊ बुटांवर मी कार्व्हिंग, म्हणजे असं कडेवर वळणं, करू लागले होते. पण जरा जास्त कललं की बुटाचं टोक बर्फाला घासायचं आणि कड सुटायची. पुढे जायचं तर बोर्डच वेगळा हवा होता. नवीन घेतला तर बोर्ड, बूट, बाइंडिंग (बूट बोर्डाला अडकवायची प्लेट) मिळून युरोपात दीड लाखाच्या पुढे जातं. माझ्याकडे होते पन्नास हजार, तेही सगळं धरून.

सप्टेंबर : मापं

पैसे मर्यादित असतील तर बोर्डापासून सुरुवात करू नका. बुटापासून करा. बुटाच्या तळाची लांबी ठरली की पाय किती अंशांत वळवावा लागेल ते ठरतं, आणि त्यावरून बोर्डाची कंबर किती रुंद हवी ते. कंबर म्हणजे बोर्डाची मधली, सर्वांत अरुंद जागा. बूट कडेच्या बाहेर आला की कललेल्या अवस्थेत तो बर्फाला लागतो आणि माणूस पडतो.

भिंतीला टाच टेकवून, पूर्ण वजन टाकून उभं राहायचं आणि अंगठ्यापर्यंत माप घ्यायचं. हे संध्याकाळी करा, दिवसभरात पाय थोडा फुगतो. माझं माप २४.३ सेंटीमीटर आलं, म्हणजे बुटाचा मोंडो क्रमांक २४.५. या मापाच्या बुटांचा तळ साधारण २९ सेंटीमीटर असतो. बहुतेक बुटांच्या टाचेजवळ तो आकडा मिलिमीटरमध्ये छापलेला असतो.

मग जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून २९ सेंटीमीटर लांब, ७ सेंटीमीटर रुंद असा तळ कापला आणि वर्तमानपत्रावर समांतर रेघा मारून वेगवेगळ्या रुंदीचे बोर्ड काढले. कोनमापक ठेवून पुठ्ठा फिरवायचा आणि तो दोन्ही रेघांच्या आत कधी बसतो ते बघायचं. बूट जिथे येतात तिथे बोर्ड कमरेपेक्षा थोडा रुंद असतो. ती जास्तीची रुंदी मी एक सेंटीमीटर धरली. साडेएकोणीसच्या कमरेवर मला साठ अंश लागत होते, साडेएकवीसवर पंचावन्न पुरत होते. माझी मर्यादा तिथेच ठरली. यापेक्षा अरुंद बोर्डावर पाय इतके सरळ करावे लागतात की नवशिक्याला तोल सांभाळणं जड जातं. फार रुंद घेतला तर तो एका कडेवरून दुसऱ्या कडेवर सावकाश जातो.

दुसरा आकडा साइडकटच्या, म्हणजे डमरूसारख्या आत गेलेल्या बाजूच्या, त्रिज्येचा. स्लॅलमचे, म्हणजे लहान वळणांच्या शर्यतीचे, बोर्ड साधारण १५५ ते १६५ सेंटीमीटर लांब आणि ८ ते ११ मीटर त्रिज्येचे असतात. जायंट स्लॅलमचे पावणेदोन मीटरच्या आसपास किंवा अधिक लांब, आणि त्रिज्या चौदा-पंधरापासून वीसच्या पुढे. कडक बर्फावर बोर्ड जितका कलवाल तितकं वळण या त्रिज्येपेक्षा लहान होतं. ४५ अंश कलवलेला अकरा मीटरचा बोर्ड पावणेआठ मीटर त्रिज्येच्या वळणात फिरतो. व्हिडिओत दिसतात ती मोठी, देखणी वळणं लांबलचक, रुंद, रोज यंत्राने दाबलेल्या उतारांवरची असतात. गुलमर्गचं नाव आहे ते भुसभुशीत, खोल बर्फासाठी. दाबलेला उतार थोडा, आणि त्यावर शिकणारी मुलं, फोटो काढणारी कुटुंबं, स्लेज ओढणारे सगळेच असतात. तिथे मोठ्या त्रिज्येचा बोर्ड नेऊन काय करणार? वळण पुरं व्हायच्या आत समोर माणूस येतो. मी अकरा मीटरच्या वर जायचं नाही असं ठरवलं आणि ते शेवटपर्यंत पाळलं.

तिसरी गोष्ट वजन. माझं ५७ किलो. बाजारातले बहुतेक वापरलेले बोर्ड ८०-९० किलोच्या पुरुषांसाठी घेतलेले असतात, आणि माझ्यासारखीला ते वाकतच नाहीत. बोर्ड वाकला नाही तर वळत नाही. त्यामुळे विकणारा किती वजनाचा, हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारला. किमतीच्याही आधी.

ऑक्टोबर : जाहिराती आणि कस्टम्स

माझा मावसभाऊ म्युनिकला असतो आणि डिसेंबरमध्ये घरी यायचा होता. तरी आधी मी कुरिअरने मागवायचा पर्याय तपासला. सहारच्या एका क्लिअरिंग एजंटकडे अर्धा तास बसले. त्यांनी सरळ सांगितलं, "मॅडम, नवीन असेल तर ड्यूटी भरा आणि सोडवा. वापरलेला कुरिअरने मागवायच्या फंदात पडू नका." परकीय व्यापार धोरणात भांडवली यंत्रसामग्री सोडून बाकीच्या वापरलेल्या वस्तूंची आयात निर्बंधित गटात येते, तिला डीजीएफटीचा (परकीय व्यापार महासंचालनालयाचा) परवाना लागतो. एका बोर्डासाठी कोण परवाना काढणार! २०१९ च्या डिसेंबरपासून परदेशातून येणाऱ्या भेटवस्तूंची सूटही गेली आहे, त्यामुळे पार्सलवर 'गिफ्ट' लिहून काही साधत नाही.

प्रवाशाच्या सोबतच्या सामानाचे नियम वेगळे आहेत. मी हे केलं तेव्हा, म्हणजे बॅगेज रूल्स २०१६ प्रमाणे, भारतात राहणाऱ्या किंवा भारतीय वंशाच्या प्रवाशाला स्वतःच्या वापरलेल्या वस्तूंखेरीज पन्नास हजार रुपयांपर्यंतचं सामान शुल्काशिवाय आणता येत होतं. त्यावरच्या रकमेला ३८.५ टक्के शुल्क. नेपाळ, भूतान, म्यानमारहून येणाऱ्यांना वेगळे नियम. ही मर्यादा दर माणशी होती, नवरा-बायकोची एकत्र करता येत नव्हती. आणि चॉकलेटं, परफ्यूम, आत्यासाठीचा मिक्सर, सगळं त्याच पन्नास हजारांत मोजलं जायचं. आकडे बदलत राहतात, तेव्हा निघण्याआधी कस्टम्सच्या संकेतस्थळावर ताजा नियम वाचून घ्या.

भावाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, आणतो. पण काय बघून घ्यायचं ते तूच सांग, मला यातलं काही कळत नाही." पुढचे काही आठवडे रात्री जेवणं झाल्यावर आम्ही दोघं व्हिडिओ कॉलवर जाहिराती चाळत बसायचो.

जर्मनीत क्लाइनआनत्साइगन आणि ऑस्ट्रियात विलहाबेन ही जुन्या वस्तूंची मोठी ठिकाणं. एफ-टू, निडेकर, फोल्कल, बर्टन यांचे जुने बोर्ड शंभर युरोपासून दिसतात. केस्लर किंवा एसजीसारखे शर्यतीचे बोर्ड वापरलेलेही त्याच्या कितीतरी पट. किमतीपुढे 'व्हीबी' असेल तर घासाघीस चालते. 'नुर आबहोलुंग' म्हणजे येऊन घेऊन जा, पाठवणार नाही. अशा जाहिरातींना गिऱ्हाईक कमी आणि भाव उतरलेला. भाऊ आगगाडीने जाऊ शकत होता, म्हणून आम्ही मुद्दाम त्याच शोधल्या. ज्यांना घाई नाही त्यांनी हंगाम संपताना, मार्च-एप्रिलमध्ये शोधावं. थंडी जवळ आली की भाव चढतात.

विक्रेत्यांना पाठवायला मी एकच यादी जर्मनमध्ये करून घेतली होती. तिच्यावरच बहुतेक बोर्ड बाद झाले, तेव्हा ती जरा सविस्तर सांगते.

बोर्ड सपाट टेबलावर ठेवून बाजूने, टेबलाच्या पातळीवरून फोटो. मधे कमान उरली आहे का, म्हणजेच कॅम्बर शिल्लक आहे का, हे त्यात दिसतं. कमान बसलेला बोर्ड कडेला पकड देत नाही. पुढचं टोक एका बाजूला पिळलेलं असेल तर तेही याच फोटोत कळतं.

बाइंडिंगच्या भोवतालचा वरचा थर, टॉर्चचा उजेड तिरपा पाडून. तिथे आडव्या बारीक चिरा किंवा सुरकुत्या असतील तर आतलं लाकूड थकलेलं असतं. वरवरचे ओरखडे असले तर बिनधास्त सोडून द्या.

दोन्ही कडा, टोकापासून टोकापर्यंत. गंज घासून जातो. कडेला पडलेली चीर जात नाही. कड आणि तळ यांच्यामध्ये नख शिरत असेल तर थर सुटायला लागलेत. कड किती उरली आहे हेही विचारा. नवी कड साधारण दोन मिलिमीटर जाडीची असते आणि प्रत्येक धारेला थोडी झिजते. संघांकडून निवृत्त झालेले शर्यतीचे बोर्ड इथेच मार खातात. दिसायला चकाचक, पण कड संपत आलेली.

स्क्रू बसतात ते इन्सर्ट. प्रत्येकात स्क्रू हाताने फिरवून दाखवायला सांगा. चार बाय चार सेंटीमीटरची रचना असेल तर बाइंडिंग सहज मिळतं. बर्टनची तीन छिद्रांची रचना असेल तर तशी चकती असल्याची खात्री करून मगच पुढे जा.

माझं लक्ष सर्वांत आधी एका १७८ सेंटीमीटरच्या बोर्डावर गेलं होतं. मोठं नाव, दीडशे युरो. मालक ८८ किलोचा, त्रिज्या सतरा. मनाला लागलं, पण सोडला. मग एक टायटॅनलचा बोर्ड आला. टायटॅनल हा धातूचा पातळ थर, त्याने बोर्ड थरथरत नाही आणि बर्फाला चिकटून चालतो. पण धातू एकदा वाकला की परत सरळ होत नाही. टेबलावरच्या फोटोत त्याचं पुढचं टोक किंचित खाली गेलेलं दिसलं. विमानाच्या पोटातून, टॅक्सीच्या टपावरून जाणाऱ्या बोर्डासाठी काचतंतूचा साधा बोर्डच बरा, असं माझं मत त्या रात्री पक्कं झालं.

नोव्हेंबर : खरेदी

महिन्याच्या सुरुवातीला रोझेनहाइमच्या एका बाईंची जाहिरात दिसली. १५८ सेंटीमीटर, कंबर साडेवीस, त्रिज्या साडेदहा, काचतंतूचा. वजन विचारलं तर उत्तर आलं, साठ किलो. मी खुर्चीतून उठले! मॉडेलचं नाव इथे मुद्दाम देत नाही. तोच बोर्ड शोधत बसाल तर या आकड्यांचा दुसरा चांगला बोर्ड नजरेतून सुटेल.

भाऊ शनिवारी गाडीने गेला, म्युनिकहून तासाभराच्या आतबाहेर. व्हिडिओवर त्याने बोर्ड स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला, मधे हाताने दाबून कमान दाखवली, टॉर्च मारला, इन्सर्टमध्ये एकेक स्क्रू फिरवला. एका कडेला टोकाजवळ लहान खड्डा होता. तिथे वळताना जोर येत नाही, म्हणून चालण्यासारखा. २२० सांगितले होते, १९० ला ठरलं. खासगी व्यवहाराला बिल नसतं, म्हणून मी भावाला आधीच सांगितलं होतं की साध्या कागदावर वस्तूचं नाव, वापरलेली असल्याचा उल्लेख, किंमत, तारीख आणि दोघांच्या सह्या घे. जर्मनीत असा विक्रीचा कागद करण्याची पद्धत आहेच, त्या बाईंनी छापील नमुनाच पुढे केला. जाहिरातीचं पानही छापून ठेवलं.

बूट सर्वांत अवघड गेले. २४.५ चे कडक बूट वापरलेल्या बाजारात फार थोडे असतात. शिवाय जुनं प्लास्टिक नुसतं पडून राहूनही ठिसूळ होतं आणि थंडीत फुटतं. रायश्ले नावाचे बूट दिसले तर ते जुनेच समजा. त्याच बुटांची पुढची पिढी डीलक्स या नावाने येते. बऱ्याच बुटांच्या प्लास्टिकवर आतल्या बाजूला साच्याचं वर्ष दाखवणारी छोटी गोल खूण असते, ती बघायला सांगायची.

बवेरियात शरद ऋतूत गावोगावी स्कीच्या जुन्या सामानाचे बाजार भरतात, क्लबच ते चालवतात. तिथे भावाला डीलक्सचा एक जोड सापडला. घालून कोण बघणार? यासाठी मी आधीच तयारी केली होती. पायाची बाह्यरेषा कागदावर काढून स्कॅन केली आणि शेजारी दहा सेंटीमीटरची एक रेघ मारली. त्याने छापल्यावर ती रेघ पट्टीने मोजली, बरोबर दहा आली, म्हणजे छपाई खऱ्या मापाची. ती आकृती पुठ्ठ्यावर चिकटवून कापली, बुटाचा आतला मऊ भाग बाहेर काढला आणि पुठ्ठा कवचात ठेवून पुढे सरकवला. मागे दीड सेंटीमीटर जागा उरली. एक ते दोन बोटं उरली पाहिजेत, म्हणजे जमलं. १३० युरो.

प्लेट बाइंडिंग ८५ ला मिळालं. टाच दाबली की आपोआप अडकणारं आणि दोरी ओढली की सुटणारं इंटेकही होतं, सोयीचं आहे. पण त्यात टाचेतून जाणारी केबल असते, आणि ती तुटली तर भारतात मिळणार नाही. मी साधं, पुढे हाताने लावायच्या खटक्याचं घेतलं. बाइंडिंग घेताना धातूची कडी जिथे वाकते तिथे आणि प्लास्टिकच्या ठोकळ्यांवर चिरा शोधा. पुढचा पंजा आणि मागची टाच उचलणाऱ्या पाचरी सोबत आहेत का तेही विचारा, वेगळ्या घ्यायच्या तर महाग पडतात. जुनी बॅग १५ युरो, आणि म्युनिकच्या दुकानात कडांना धार आणि तळाला मेण ३० युरो. एकूण ४५० युरो. त्या वेळी नव्वद रुपयांच्या हिशेबाने ४०,५००.

डिसेंबर : विमानतळ

विमानात साध्या बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटीमीटर चालते. एकटा बोर्डच तेवढा. त्यामुळे क्रीडासाहित्य म्हणून आधी नोंद करावी लागते. आयत्या वेळी काउंटरवर सांगितलं तर जागा नसल्याचं कारण मिळू शकतं. भावाने दोन आठवडे आधी नोंद केली, ७० युरो भरले, लेखी उत्तर मोबाइलमध्ये ठेवलं. बोर्ड आंघोळीच्या दोन टॉवेलांत गुंडाळला, कडांवर पाण्याच्या पाइपचा उभा कापलेला तुकडा चढवला. बूट हातातल्या सामानात. बॅग हरवली तर बोर्ड दुसरा मिळेल, पण ते बूट पुन्हा मिळायचे नाहीत.

नाताळच्या आधी, रात्री दीडच्या सुमाराला तो टर्मिनल दोनवर उतरला. मी बाहेर कठड्याशी उभी होते. सगळे प्रवासी येऊन गेले तरी हा येईना, तेव्हा पोटात गोळा आला. मोठं सामान नेहमीच्या पट्ट्यावर येत नाही, वेगळ्या खिडकीशी येतं, आणि तिथे तो थांबला होता. नंतर कस्टम्सच्या अधिकाऱ्यांनी बॅग स्कॅनरमधून काढली.

"काय आहे हे? सर्फिंगचं?"

"नाही साहेब, बर्फावरचं. वापरलेलं आहे. बहिणीसाठी आणलंय, हे कागद."

त्यांनी विक्रीचा कागद वाचला, बाजाराची पावती बघितली, बाकी काय आणलंय विचारलं आणि जाऊ दिलं. मी भावाला या खेपेला दुसरं काही आणू नकोस म्हणून बजावलं होतं. मावशी त्यावर थोडी नाराजही होती. टपावर कॅरिअर असलेली काळी-पिवळी मिळाली, दोरीने बॅग बांधली आणि पहाटे मुलुंडला पोचलो. झोपायच्या आधी मी बॅग उघडून बोर्डाच्या कडेवरून बोट फिरवलं. इतके महिने फोटोत बघितलेली वस्तू घरात होती, आणि मला झोप आली नाही.

जानेवारी : थांबणं

२०२४ चा जानेवारी ज्यांना आठवत असेल त्यांना ठाऊक आहे. गुलमर्गला बर्फच नव्हता. तपकिरी उतारांचे फोटो रोज बातम्यांत. माझी महिन्याच्या मध्याची तिकिटं होती. वाट बघितली, मग फरक भरून तारीख फेब्रुवारीत ढकलली, साडेतीन हजार गेले. जायचं असेल तर तारीख बदलता येणारं तिकीट घ्या. थोडं महाग असतं, पण हिमालयातल्या बर्फाची हमी कोणी देत नाही. दुबईच्या बंद छताखालच्या स्की दुबईचाही विचार मनात आला. मुंबईहून तीनेक तासांचं विमान, सर्वांत लांब उतार ४०० मीटर. माझ्या बजेटात ते बसत नव्हतं, पण ज्यांचं कामानिमित्त जाणं होतं त्यांनी ध्यानात ठेवावं.

तो महिना मी जोडणीत घालवला. बाइंडिंगसोबतचे स्क्रू गंजलेले होते. क्रॉफर्ड मार्केटजवळ नागदेवी स्ट्रीटवर एका दुकानात जुना स्क्रू दाखवला. काका म्हणाले, "एम-सिक्स, सीएसके, स्टेनलेस. लांबी बोला." म्हणजे सहा मिलिमीटर जाडीचा, डोकं सपाट आत बसणारा. लांबी हाच खरा प्रश्न. स्क्रू लांब झाला तर इन्सर्टच्या तळाला टेकतो आणि बोर्डाच्या खालच्या बाजूला फुगवटा येतो. आखूड झाला तर जोरात उपटून निघतो. इन्सर्टची खोली रिफिल घालून मोजा, त्यात चकतीची जाडी मिळवा आणि एक मिलिमीटर कमी धरा. एम-सिक्सच्या एका फेऱ्याला स्क्रू एक मिलिमीटर आत जातो, म्हणून हाताने फिरवताना फेरे मोजायचे. निदान सहा पूर्ण फेरे बसले पाहिजेत. मी १६ आणि १८ अशा दोन्ही मापांचे घेतले, जास्तीचे बॅगेत राहतात. स्क्रू ढिले होऊ नयेत म्हणून निळं लॉकटाइट लावलं, पण प्लास्टिकला लागू न देता. काही प्लास्टिक त्याने तडकतं.

कोन पुठ्ठ्याच्या हिशेबाने ठेवले, पुढे ६१, मागे ५८. संध्याकाळी सतरंजीवर बोर्ड ठेवून बूट अडकवायचे, गुडघ्यात वाकायचं, एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जायचं. पहिल्या संध्याकाळी दहा मिनिटांत पोटऱ्या दुखायला लागल्या. महिनाअखेरीस बूट पायाला ओळखीचे झाले होते. त्यांचा पुढचा कल कमी-जास्त करता येतो. मी सुरुवातीला सर्वांत मोकळा ठेवला.

फेब्रुवारी : बर्फ

महिना लागताना बर्फ पडला आणि दुसऱ्या आठवड्यात मी श्रीनगरला उतरले. बोर्ड साधारण तीन किलो, बूट पाच, बाइंडिंग दोन. देशांतर्गत विमानातले पंधरा किलो बघता कपडे मोजकेच. तंगमर्गपासून वर साखळ्या लावलेल्या गाड्याच जातात, तेरा किलोमीटर. बोर्ड टपावर न बांधता आत आडवा ठेवू द्या म्हणून चालकाला विनंती केली, त्यांनी मागची सीट दुमडून दिली.

पहिला दिवस गंडोल्याच्या (केबल कारच्या) पहिल्या टप्प्यावर, कोंगडोरीला. तिथे खुर्चीची लिफ्ट आहे आणि तिच्या बाजूचा उतार दाबलेला असतो. सकाळी लवकर जा, तेव्हा तो कडक आणि रिकामा असतो. पहिल्यांदा दोन्ही पाय अडकवले तेव्हा भीती वाटली. मऊ बुटांत घोट्यातून करायच्या कितीतरी हालचाली इथे होतच नाहीत, सगळं गुडघ्यातून आणि कमरेतून करावं लागतं. मी सगळ्यात सौम्य उतारावर राहिले आणि एकच काम केलं. सरळ आडवं जायचं, बोर्ड हळूहळू कडेवर उभा करायचा, आणि तो वळेपर्यंत जबरदस्ती करायची नाही. थांबले की मागे वळून माग बघायचा. माग रुंद असेल तर बोर्ड घसरतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी माग बारीक झाला. टाचेच्या बाजूला आधी, मग पंज्याच्या. बोर्ड वाकला आणि मला वळणातून बाहेर ओढून नेलं, मी काहीही न करता. बूट बर्फाला लागला नाही. मी तिथेच बसून रडले, शेजारून जाणाऱ्या स्कीच्या प्रशिक्षकांनी काळजीने विचारलं, "सब ठीक?" मी मान हलवली आणि मागची रेघ दाखवली. ते थांबले, बघितलं आणि म्हणाले, "यही चाहिए."

साडेदहाची त्रिज्या त्या उतारासाठी योग्य निघाली. दोन माणसांच्या मधल्या जागेतही वळण पूर्ण होत होतं. दुपारी बर्फ मऊ झाला की पुढचं टोक रुतायला लागतं, तेव्हा मी बोर्ड काढून ठेवायचे. आणि ताज्या खोल बर्फात हा बोर्ड नेऊच नका, इतका अरुंद बोर्ड त्यावर तरंगत नाही. तिथे भाड्याचा रुंद बोर्डच हवा.

हिशेब असा : सामान ४०,५००, विमानाचे ६,३००, मुंबईत स्क्रू, कानस, कोनाची पट्टी, मेण आणि तेल मिळून २,७००. एकूण ४९,५००. तिकिटाचा फरक आणि गुलमर्गचा खर्च वेगळा.

आता मुंबईच्या हवेबद्दल. इथे कडा पावसाळ्याची वाटही बघत नाहीत, आठवड्यात गंज धरतात. परत आल्यावर बोर्ड कोरडा पुसून कडांना शिवणयंत्राचं तेल लावलं. तळावर जुन्या, वाफ नसलेल्या इस्त्रीने मेणाचा जाड थर दिला आणि तो न खरवडता तसाच ठेवला. कडांवरही मेण ओघळू दिलं. बाइंडिंग काढून वेगळं ठेवलं, म्हणजे इन्सर्टवर ताण राहत नाही. बुटांचा आतला भाग पंख्याखाली पूर्ण वाळवून, खटके हलके लावून, कपाटात. माळ्यावर नाही, तिथे उन्हाळ्यात फार तापतं. सोबत सिलिका जेलच्या पुड्या. बाइंडिंगच्या पुढच्या कडीचा एक जादा जोड भावाला शोधायला सांगितला आहे, कारण तेवढीच एक वस्तू तुटली तर इथे करून मिळणार नाही. तो पुढच्या नाताळात येतोय, आणि या वेळी मावशीचीही यादी तयार आहे.